तेरावी टोपी

दुपारचे डबे धुऊन झाले होते आणि संघपाल आवक-जावकच्या टेबलावर एका पत्राला क्रमांक टाकत होता, तेव्हा गुलाबरावांनी आपला मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. गुलाबराव शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या साळ्याच्या मुलीचं लग्न मागच्या आठवड्यात मोताळ्याला झालं होतं आणि त्या लग्नाचे व्हिडिओ ते तीन दिवस कचेरीभर फिरवत होते. "पाहा, तुम्ही दिसून राह्यले," ते म्हणाले. संघपाल दिसतच होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, गाल फुगवलेले, हातात काळी क्लॅरनेट. देऊळघाटच्या गुलशन ब्रास बँडच्या दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा. संघपाल ओशाळून हसला. सरकारी माणसानं रजा टाकून बँडच्या कपड्यात परक्याच्या वरातीपुढं चालावं ही काही मिरवायची गोष्ट नव्हती, पण कचेरीत ती सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांनी ती चेष्टेत मुरवून टाकली होती. मग त्याला ऐकू आलं. ढोल होता, ताशा होता, पितळी कर्ण्यांचा गलका होता, आणि त्या सगळ्याच्या वर एक क्लॅरनेट होती. सूर उठला, लांबला, आता संपेल आता संपेल म्हणताना अजून लांबला, आणि शेवटी खालच्या अंगाला छोटीशी लचक घेऊन बसला. गुलाबराव मान डोलवत होते. संघपालचं पेन त्या पत्राच्या क्रमांकावर टेकून तसंच राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. मोताळ्याच्या त्या लग्नात बँडमध्ये क्लॅरनेट एकच होती, ती त्याच्या हातात होती, आणि तिला पत्ती नव्हती.

पत्ती म्हणजे वेताची, बोटाच्या पेराएवढी पातळ पट्टी. क्लॅरनेटच्या तोंडाशी ती बसवतात आणि ती थरथरते म्हणून सूर निघतो. पत्ती काढली की राहते ती भोकं पाडलेली लाकडी नळी. फुंकलं तर नुसती हवा जाते. बँडच्या धंद्यात अशा मुक्या वाद्याचीही गरज पडते. लग्न ठरवताना तेरा माणसं कबूल केलेली असतात, आणि वरात निघायच्या आधी मुलीचा मामा किंवा तसलाच एखादा बिनकामाचा पाहुणा रांगेपाशी येऊन बोटानं टोप्या मोजतो. ऐन सीझनमध्ये कोणी आजारी असतं, कोणाला दुसऱ्या बँडनं पळवलेलं असतं. मग एखाद्या माणसाला कोट चढवतात, हातात वाद्य देतात आणि रांगेत उभं करतात. त्यानं गाल फुगवायचे, बोटं हलवायची आणि वाजवायचं मात्र नाही. अशा माणसाला ते 'भरती' म्हणतात. भरतीच्या हातातलं वाद्य आधीच निकामी करून ठेवलेलं बरं, कारण चौकात, पोरींच्या समोर, हुरूप येऊन त्यानं खरोखरच फुंकलं तर साऱ्या बँडची शोभा होते. या उन्हाळ्यात गुलशन बँडचा भरती संघपाल होता. रहेमतुल्ला मास्तर, बँडचे मालक आणि पुढं उभे राहून हात हलवणारे, फेब्रुवारीत स्वतः कचेरीत आले होते. चपला दाराशी काढून त्यांनी विचारलं होतं, "साहेब, तुम्ही तसेही आमच्या संगं चालता. बाजूनं चालता, ते रांगेतून चाला." संघपालच्या मनात नाही होतं आणि तोंडातून हो गेलं. कोट आसिफचा होता, बँडच्या क्लॅरनेटवाल्याचा, टोपी आसिफची होती, क्लॅरनेटही आसिफचीच. आसिफला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.

एकवीस वर्षं संघपाल या बँडच्या मागं होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, बुलढाण्यात, भर उन्हात, त्यानं पहिल्यांदा आसिफची क्लॅरनेट ऐकली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, नोकरी नवी होती, आणि त्या दिवशी निळा झेंडा हातात धरून तो घोषणा द्यायचं विसरला. मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. बँडच्या सुपाऱ्या कुठं आहेत हे तो मास्तरांकडून काढून घ्यायचा आणि चिखली, मलकापूर, खामगाव, पार शेगावपर्यंत एसटीनं जायचा. लग्न कोणाचं हे त्याला माहीत नसायचं. मुलीकडचे समजायचे हा मुलाकडचा, मुलाकडचे समजायचे मुलीकडचा, आणि दोन्हीकडचे त्याला वाकून नमस्कार करायचे. एकदा मलकापूरला त्याला धरून नवरदेवाचा चुलता म्हणून फोटोत बसवला होता. तो फोटो कोणाच्या तरी घरात अजून भिंतीवर असेल आणि त्या घरात हा कोण म्हणून अधूनमधून वाद होत असेल. जेवायला मात्र तो थांबत नसे, ते त्यानं स्वतःशी ठरवलेलं होतं. तीनदा हात धरला तरच पंगतीला बसायचं. घरी सुचितानं, त्याच्या बायकोनं, आधी रुसून पाहिलं, मग भांडून, मग तिनं नाद सोडला. "घरच्या लग्नाले उशिरा पोचता न् लोकाच्या लग्नाले वरातीच्या आधी," एवढंच ती म्हणे. मुलगी मयुरी कॉलेजात जाऊ लागल्यावर मैत्रिणींना सांगे की बाबांना रविवारी मीटिंगा असतात. या सगळ्यात संघपालला लाज वाटत नव्हती असं नाही. वाटायची, पण क्लॅरनेट सुरू झाली की ती कुठं जायची ते त्याचं त्यालाही कळत नसे.

आसिफशी त्याचं बोलणं फार नव्हतंच. इतक्या वर्षांत शंभर वाक्यं झाली असतील की नाही कोण जाणे. आसिफ उंच, किरकोळ, कानाशी अत्तराचा बोळा ठेवणारा. सीझन नसला की तो गाद्या पिंजायचा, त्यामुळं त्याच्या भुवयांत कधीकधी कापसाचा तंतू अडकलेला दिसे. संघपाल दिसला की तो नुसत्या डोळ्यांनी ओळख द्यायचा, आणि तेवढ्यावर संघपालचा महिना सरायचा. आसिफकडे एक धून होती, तिला बँडवाले 'दमवाली' म्हणत. नाव कसलं, सोय होती ती, कारण त्यात एक सूर असा होता की जो दम असेतो धरायचा. तो धरला की मास्तर बाकीच्यांना हातानं गप्प करायचे, नवरदेवाचा घोडा थांबायचा, नाचणारी पोरं हात वर करून तशीच राहायची. संघपाल डोळे मिटायचा. सूर सुरू व्हायच्या आधी आसिफ नाकानं श्वास आत घ्यायचा, त्याचा बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि तो आवाज या पृथ्वीवर आपण एकट्यानंच ऐकला आहे असं संघपालला दरवेळी वाटायचं. खरं सांगायचं तर त्याला धुनीपेक्षा तो श्वासच अधिक आवडायचा. पुढं काय येणार ते ठाऊक असून अजून आलेलं नाही, ही जी घडी, तिच्यासाठी तो एसटीच्या मागच्या सीटवर तीन-तीन तास हाडं खिळखिळी करून घेत होता. आसिफची बोटं कोणत्या भोकावरून कोणत्या भोकावर जातात ते त्याला पाठ झालं होतं. कचेरीत पत्रं चाळताना त्याची बोटं टेबलाच्या कडेवर तशीच पडायची.

आणि बीबी. बीबीची गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती, सुचिताला नाही, मास्तरांना नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, बीबी हे लोणार तालुक्यातलं मोठं गाव, दुपारचा एक. मेहकरच्या पुढं एसटीचा पट्टा तुटला आणि संघपाल पोचला तेव्हा वरात मांडवाशी लागली होती. दमवाली वाजून गेली होती. ताशावाल्यानं सांगितलं, सकाळीच झाली, आसिफची छाती भरली आहे, मास्तरांनी त्याला बसवून ठेवलंय. लिंबाच्या झाडाखाली आसिफ डोक्यावर ओला रुमाल टाकून बसला होता. कोटाची बटणं उघडी होती आणि आतली बनियन घामानं अंगाला चिकटली होती. बरगड्या वर-खाली होताना दिसत होत्या. हे सगळं संघपालनं पाहिलं. पाहिलं नव्हतं असं तो पुढं वर्षभर स्वतःला सांगू पाहत होता, पण पाहिलं होतं. त्यानं आपली पाण्याची बाटली आसिफला दिली, आसिफ दोन घोट प्याला. मग संघपाल त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि लहान मुलानं खाऊ मागावा तशा आवाजात म्हणाला, "आसिफभाई, माही गाडी लेट झाली. एक डाव अजून." आसिफनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता का, हसू होतं का, की काहीच नव्हतं, हे संघपालला पुढं वर्षभर ठरवता आलं नाही. क्लॅरनेटचं तोंड आसिफनं कोटाच्या बाहीला पुसलं, उठला, आणि बिनढोलाची, बिनताशाची, एकट्याचीच दमवाली त्यानं लिंबाखाली वाजवली. मांडवातले लोक बाहेर आले. सूर इतका लांबला की संघपालला मध्येच भीती वाटली, आणि भीती वाटली तरी त्यानं थांब म्हटलं नाही. आठ दिवसांनी देऊळघाटच्या कब्रस्तानात तो सगळ्यांच्या मागं, चपला हातात घेऊन उभा होता. लोक बोलत होते, पिंजणाचा कापूस फुप्फुसात बसला. संघपालनं मान हलवली आणि कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

म्हणूनच तर त्यानं मास्तरांना हो म्हटलं असेल. गुलाबरावांकडून तो व्हिडिओ त्यानं मागून घेतला, जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात गेला, दार लोटलं, आणि गठ्ठ्यावर बसून पहिल्यापासून लावला. नाकातला श्वास, बारीक शिट्टी. मग सूर. पडद्यावर त्याचेच गाल फुगलेले, त्याचीच बोटं, डोळे मिटलेले, आणि आवाज आसिफचा. त्याला आनंद झाला, लपवायचं कशाला, डोळ्यांत पाणी येईल इतका झाला. वर्षभर कोरडा पडलेला माणूस तो. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मोताळ्याला त्या दिवशी त्याला स्वतःला काय ऐकू आलं होतं हे तो आठवू लागला. ढोल ऐकू आला होता, कानाशीच. आपल्या फुंकण्याची नुसती हवा ऐकू आली होती, आणि फुंकायचं नाही हे ठरलेलं असताना आपण का फुंकतो आहोत असा एक विचार येऊन गेला होता. क्लॅरनेट ऐकू आली नव्हती. हा सूर बाहेर साऱ्या वरातीनं ऐकला, घोड्यानंही ऐकला असेल, आणि ज्यानं त्याच्यासाठी एकवीस वर्षं रस्ते तुडवले त्याच्या कानांपर्यंत तेवढा तो आला नाही. सातव्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा संघपालच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागली आहे. बसल्या जागी, गठ्ठ्यावर, दोन जिने चढून आल्यासारखी. सूर लांबत होता आणि छातीतून काहीतरी ओढलं जात होतं, विहिरीतून पोहरा वर जावा तसं. त्यानं घाईनं मोबाईल बंद केला. धाप थांबली.

माणूस शहाणा असला की आधी शहाण्यासारखी कारणं शोधतो. व्हिडिओ काढणारा कामरान, त्याचं दुकान बसस्टँडमागं होतं. ही पोरं गाणी वरून मिसळतात हे कोणाला माहीत नाही? संघपाल त्याच संध्याकाळी तिथं गेला आणि जरा दरडावूनच विचारलं, हा आवाज कोणत्या जुन्या लग्नातून उचललास. कामराननं दोन्ही कॅमेऱ्यांतलं मूळ चित्रण लावून दाखवलं. एक पुढून घेतलेलं, एक गच्चीवरून. दोन्हींत क्लॅरनेट होती. "मले वाटलं तुम्ही शिकले, साहेब," तो म्हणाला, आणि वर म्हणाला की हात चांगला बसला आहे, अगदी आसिफचाचांसारखा. तिथंही ऐकताना संघपालला टेबलाला धरून उभं राहावं लागलं. मग दुसऱ्या सकाळी क्लॅरनेट घेऊन तो मास्तरांकडे गेला. रहेमतुल्ला मास्तर ओट्यावर बसून पितळेला लिंबू चोळत होते. संघपालनं सगळं सांगितलं, फक्त बीबी सोडून. मास्तरांनी क्लॅरनेट मागून घेतली, तोंडाशी बोट फिरवून पत्ती नाही याची खात्री केली आणि परत दिली. मग बोलले ते खाली पाहूनच. "मी चिखलीच्या लग्नापासून ऐकून राह्यलो. मागं वळून पाह्यलं नाही."

"काऊन?"

"वळून पाह्यलं अन् बंद झालं असतं तं?"

संघपालनं विचारलं, मग मलाच का ऐकू येत नाही. मास्तर म्हणाले, वाजवणाऱ्याला कुठं ऐकू येतं, त्याचा सगळा जीव फुंकण्यात. हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की संघपाल त्यावर चिडला. मी वाजवत नाही मास्तर, मी भरती आहे, तो म्हणाला. मास्तरांनी त्यावर पितळेचा कर्णा उन्हाकडे धरून त्यात पाहिलं आणि सोमवारी बीबीला लग्न आहे, गाडी साडेसातला निघेल, असं सांगितलं. बीबी म्हटल्यावर संघपालनं क्लॅरनेट घाईनं काखेत मारली. त्यानं मान डोलवली आणि तो घरी आला.

त्यानंतरचे दिवस त्याला धड गेले नाहीत. कचेरीचे अठरा पायऱ्यांचे दोन जिने तो आता तीन ठिकाणी थांबून चढत होता. डॉक्टरनं फोटो काढला, छाती साफ आहे म्हणाला, तंबाखू खाता का विचारलं, आणि संघपाल खात नाही म्हटल्यावर जरा नाराज झाला. सुचितानं एका सकाळी चहा देताना सांगितलं की तुम्ही झोपेत मध्येच श्वास घ्यायचं विसरता, मी हलवलं की मग घेता. ती हे सांगताना हसत होती पण त्याचा चहा संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. मयुरी पहिल्यांदाच म्हणाली, बाबा, ह्या रविवारी मीटिंगला नका जाऊ. तेव्हा संघपालनं मनाशी हिशेब मांडला, आणि तो कोणालाही पटावा इतका सरळ होता. बीबीला लिंबाखाली मी एका माणसाचा दम मागून घेतला. मागितला तेव्हा त्याच्यापाशी तो उरलेला नव्हता, तरी त्यानं दिला. आता तो माझ्या दमानं वाजवतो आहे. यात अन्याय कुठं आहे? अन्याय नव्हताच, हेच वाईट होतं. भीती वाटत होती, आणि तिच्याखाली, तळाशी, त्याला हेही कळत होतं की आपण जगलो-वाचलो तर लोकांना हा सूर पुन्हा ऐकू येणार नाही. चाहता होता ना तो. बायको आणि मुलगी एका बाजूला आणि एक सूर दुसऱ्या बाजूला ठेवून तो रात्रंदिवस तोलत होता, आणि पारडं लगेच एका बाजूला जात नाही याची त्याला स्वतःचीच किळस आली. शेवटी मयुरीच्या त्या वाक्यावर त्यानं ठरवलं. क्लॅरनेट, कोट आणि टोपी आसिफच्या घरी नेऊन द्यायची, मास्तरांकडे नाही, कारण मास्तर परत गळ्यात घालतील. आणि सोमवारी बीबीला जायचं नाही.

रविवारी तो देऊळघाटच्या गाडीत बसला. मांडीवर पिशवी, पिशवीत कोटाच्या घडीत गुंडाळलेली क्लॅरनेट. गाडी जवळजवळ रिकामी होती, खिडकीतून गरम वारा येत होता आणि रस्त्याकडेचे पळस वाळून खडखडत होते. आता हे संपलं, असं वाटून त्याला हलकं वाटलं, मग पोकळ वाटलं. त्यानं मोबाईल काढला. निरोपाचं म्हणून एकदाच ऐकू, मग पुसून टाकू. इअरफोन कानात घातले, वेळ पाहिली, साडेअकरा होत होते. नाकातला श्वास, शिट्टी, सूर. त्यानं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून पूर्ण ऐकलं. डोळ्यांपुढं काळे ठिपके आले, ओठ बधिर झाले, पण ऐकलं. कंडक्टर म्हणाला, भाऊ बरं नाही का, खिडकीशी बसा. संघपालनं मान हलवली आणि व्हिडिओ पुसून टाकला.

आसिफचं घर मशिदीमागच्या बोळात, दोन खोल्यांचं, दाराला हिरवा पडदा. गुलनारभाभी, आसिफची बायको, दारातच गव्हाचं सूप घेऊन बसली होती. त्याला पाहून ती उठली, पदर सारखा केला, बसा साहेब म्हणाली आणि पाणी आणलं. चारेक पावलं बोळातून चालून आला होता तो, तरी त्याला बोलायला वेळ लागला. तो म्हणाला की भाभी, हे सगळं तुमच्याकडे असावं, मला आता जमत नाही, छातीचा त्रास आहे. ती पिशवीकडे पाहत राहिली, हात लावला नाही. मग आत गेली आणि एक ॲल्युमिनियमची छोटी डबी घेऊन आली, अत्तराचा कापूस ठेवतात तसली. मास्तर क्लॅरनेट न्यायला आले तेव्हा तिची पत्ती गुलनारनंच काढून घेतली होती. दुसऱ्या कोणाच्या ओठांना ती लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं डबीचं झाकण काढलं. कापसावर पत्ती होती, मधोमध पिवळी, टोकाशी काळपट. आणि ती ओली होती. नुकती कोणीतरी तोंडातून काढून ठेवावी तशी, टोकाला थुंकीची बारीक तार, आणि तिच्याखालचा कापूसही भिजलेला.

गुलनार शांतपणे सांगत होती, संघपाल ऐकत होता. पत्ती पहिल्यांदा ओली झाली ती मार्चमध्ये. तिला वाटलं डबीला घाम सुटला. मग तिनं पोरांकडून बँडच्या तारखा विचारून घेतल्या. लग्न असलं की ओली, नसलं की खडखडीत वाळलेली. मोताळ्याच्या दिवशी ती दारातच डबी उघडून बसली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत पत्तीचा रंग गडद होत गेला होता. मग मधेच एका दिवशी, लग्न नसताना, ती संध्याकाळपर्यंत ओलीच राहिली. "आज तं लग्न नाही न साहेब," ती म्हणाली. "आज साडेअकराले ओली झाली." संघपालनं खिशातल्या मोबाईलवर हात ठेवला.

मग त्याला राहवलं नाही. वर्षभर दातांमागं धरून ठेवलेलं त्यानं एका दमात सांगून टाकलं. बीबी, लिंबाचं झाड, ओला रुमाल, बरगड्या. मी पाहिलं होतं भाभी, तरी दमवाली मागितली. बोलून झाल्यावर तो तिच्या पायांकडे पाहत बसला. आता ती काय म्हणेल ते म्हणो, तो घरी जायला मोकळा होता. पण ती म्हणाली, मला माहीत आहे. त्याच दिवशी, बीबीहून आल्यावर, आसिफ जेवला नव्हता. भिंतीला टेकून बसला होता आणि एवढंच बोलला होता की साहेबांची गाडी लेट झाली होती, त्यांची हुकली असती. रागानं म्हणाला का, संघपालनं विचारलं. गुलनारनं आठवून पाहिलं. रागानं नाही म्हणाली ती, आणि खुशीनंही नाही. कामाचं बोलावं तसं बोलला. तेवढ्यावर संघपालला रडू आलं, मोठ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता आणि नाक गळत.

ती थांबली. त्याचं आवरल्यावर तिनं जे सांगितलं ते तिनं बहुधा कोणाला सांगितलं नसेल. आसिफनं घरात कधी क्लॅरनेट वाजवली नाही. घर म्हणजे वरात नाही, म्हणायचा. परक्यांच्या लग्नांना ती जायची नाही. दमवाली तिनं आयुष्यात एकदाच ऐकली होती, स्वतःच्या लग्नात, आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसून. नवरदेव घोड्यावरून उतरला होता आणि स्वतःच वाजवू लागला होता. बायका हसल्या होत्या. तिला तोंडही दिसलं नव्हतं, भिंतीपलीकडून नुसता सूर आला होता. त्याला सतरा वर्षं झाली. बावीस गावांनी ऐकली, साहेबांनी एकवीस वर्षं ऐकली, आणि आता मेल्यावरही मोताळ्याच्या, चिखलीच्या लोकांना तो वाजवून दाखवतो. "मले इथून ऐकू येत नाही. नुसतं ओलं दिसते," ती म्हणाली. तिनं डबीला झाकण लावलं, ती मुठीत धरली, आणि पडद्याकडे पाहत, त्याच्याकडे न पाहता, ज्या आवाजात माणूस मागू नये ते मागतो त्या आवाजात म्हणाली, "साहेब, एक डाव अजून."

नाही म्हणायला संघपालजवळ सगळी कारणं होती, घरी सुचिता चपात्या करत असेल, मयुरी वाट पाहत असेल. गुलनारच्या बोळात उन्हानं सामसूम होती. बाहेर कोणीतरी सायकल टेकवली. आसिफनं लिंबाखाली आपल्याकडे कसं पाहिलं होतं, ते या क्षणी त्याला अगदी नीट कळलं, कारण तसाच तो आता पाहत होता. राग नव्हता, हसू नव्हतं. समोरच्याला किती हवं आहे, एवढंच दिसत होतं. त्यानं पिशवीतून क्लॅरनेट काढली. तोंड सदऱ्याच्या बाहीला पुसलं. उठून उभा राहिला, कारण बसून वाजवायची ती धून नव्हती. गुलनारनं दाराचा पडदा सारखा केला आणि भिंतीपलीकडे, आतल्या खोलीत जाऊन बसली. संघपालनं बोटं भोकांवर ठेवली आणि बिनपत्तीचं तोंड ओठांत धरलं.

नाकानं श्वास आत घेतल्याची बारीक शिट्टी या खेपेला त्याला स्वच्छ ऐकू आली, अगदी कानाशी. त्यानं अजून श्वास घेतलेला नव्हता.